चुर्ल्योनिस हे आडनाव: आलं कुठून, उरलंय किती?

शब्दवेडी

मिकालोयुस कोन्स्तान्तिनस चुर्ल्योनिस (1875–1911) हा लिथुआनियाचा चित्रकारही आणि संगीतकारही, आणि दोन्हीकडे पहिल्या रांगेतला. आयुष्य मिळालं जेमतेम पस्तीस वर्षांचं. त्यात शेकडो रचना, शेकडो चित्रं, आणि चित्रांची नावं 'सूर्याचा सोनाटा', 'समुद्राचा सोनाटा' अशी. 2025 मध्ये त्याची दीडशेवी जयंती झाली. त्या निमित्ताने यूट्यूबवर बरंच काही आलं आणि मी त्यात पुरती अडकले आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी 'समुद्र' हे सिंफनिक काव्य ऐकाच.

पण धागा त्याच्या कलेवर नाही, आडनावावर आहे.

हे आडनाव मला या एका घराण्याबाहेर कुठे भेटेचना. लिथुआनियाचे बास्केटबॉलपटू बघा, राजकारणी बघा, लेखक बघा. कझलाउस्कस, यान्काउस्कस, पेत्राउस्कस, स्तान्केविचुस असे ढिगाने सापडतात. चुर्ल्योनिस म्हटलं की तोच, नाहीतर त्याचे भाऊबंद. मग आडनावं मोजणाऱ्या एका संकेतस्थळावर शोधलं. 'चुर्ल्योनिस'चा एक आकडा. पहिल्या अक्षरावरची, म्हणजे 'सी'चा 'च' करणारी टोपी काढून साधा सी टाकला की दुसरा आकडा. 'चुर्ल्योनीते' म्हणून शोधलं तर तिसराच. आणि तिन्ही पानांवर 'अत्यंत दुर्मीळ आडनाव' असा शेरा! आता ही तीन दुर्मीळ आडनावं समजायची की एकच, जरा कमी दुर्मीळ?

अर्थाबद्दलही दोन मतं वाचली. एक म्हणजे 'चुर्लीस' या पक्ष्यावरून. दुसरं म्हणजे 'चुर्लेन्ती' या क्रियापदावरून, म्हणजे ओढ्याचं पाणी खळखळत जातं तसं खळखळणं. संगीतकाराला दोन्ही शोभतात, त्यामुळे मला दोन्हींचा संशय येतो. :-)

इथे भाषावाले, वंशावळवाले आणि युरोपात राहणारे बरेच आहेत. सांगा.

रानपाखरू

चुर्लीस म्हणजे पाकोळी. भिंगरी नव्हे, या दोन्हींत लोक कायम गल्लत करतात. लिथुआनियात दिसणारी ती साधी युरोपीय पाकोळी, तिकडच्या भाषेत 'काळी चुर्लीस'. हा पक्षी फांदीवर बसत नाही. पायच तसे नाहीत. खाणं, पिणं, झोपणंसुद्धा उडता उडता. उन्हाळ्यात शहरातल्या जुन्या इमारतींच्या वळचणीत घरटी करतो आणि हिवाळा आफ्रिकेत काढतो.

थवा डोक्यावरून गेला की जी किरकिरती शीळ येते तिचंच ते नाव असावं. आणि पाण्याची खळखळ दाखवणारं क्रियापदही आवाजावरूनच बनलंय. म्हणजे तुमची दोन मतं एकमेकांच्या विरोधात नाहीतच. मूळ आवाज एक, त्यातून पक्षीही निघाला आणि ओढाही. मी पक्ष्याला मत देतो, कारण माणसांना पक्ष्यांची टोपणनावं पडतात, क्रियापदांची कमी. लिथुआनियन आडनावांत ज्विर्ब्लिस (चिमणी), गेनीस (सुतार), साकालस (ससाणा), गाइदीस (कोंबडा), बालान्दिस (पारवा) सगळे हजर आहेत. आपल्याकडे कावळे, चिमणे, ससाणे, घारे, मोरे आहेतच की.

मोडीवाचक

रानपाखरूंना अनुमोदन. पण नाव दोन तुकड्यांचं आहे हे लक्षात घ्या. 'चुर्ल-' हा पक्षी. '-ओनिस' हा प्रत्यय म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. म्हणजे आधी कुणीतरी एक चुर्लीस किंवा चुर्ला असं टोपणनाव पडलेला माणूस होता, आणि त्याची पोरं झाली चुर्ल्योनिस. म्हणून नुसतं 'पाकोळी' असं भाषांतर करून थांबू नये, 'पाकोळीचा' म्हणा.

हा प्रत्यय पत्ताही सांगतो. लिथुआनियन आडनावांची शेपटं प्रांतांनुसार बदलतात:

'-आइतिस' दिसलं की नैर्ऋत्येकडचा सुवाल्किया भाग किंवा जुन्या पूर्व प्रशियातलं 'छोटं लिथुआनिया'. आद्यकवी दोनेलाइतिस (1714–1780) त्याच पट्ट्यातला.
'-एनस' आणि '-ऊनस' म्हणजे ईशान्येचा आउक्श्ताइतिया.
'-ओनिस' म्हणजे दक्षिण आणि आग्नेय, अर्थात जूकिया. पाइन आणि वाळूचा प्रदेश.

चित्रकाराचा जन्म सेनोयी वारेना इथला, बालपण द्रुस्किनिंकायमधलं. दोन्ही गावं जूकियात. म्हणजे आडनाव आणि घर एकाच ठिकाणी. असं दरवेळी जुळतंच असं नाही, पण दुर्मीळ आडनावांत बऱ्याचदा जुळतं, कारण ती फार लांब पसरलेलीच नसतात.

आता कझलाउस्कसबद्दल. ते देशातलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, आणि ते घडणीने लिथुआनियन नाही. पोलिश 'कोझ्वोव्स्की'ला लिथुआनियन शेपूट लावलंय. मुळात बोकड आहे, पण तो स्लाव्हिक बोकड. लिथुआनियन बोकडाला 'ओझीस' म्हणतात. '-आउस्कस' म्हणजे पोलिश '-ओव्स्की', '-आविचुस/-एविचुस' म्हणजे पोलिश '-ओविच/-एविच'. शतकानुशतकं पोलंडशी एकत्र राज्य होतं, चर्चची आणि उमरावांची भाषा पोलिश झाली, आणि पाद्रीबुवा नोंदवहीत लिहिताना अस्सल गावठी नावाला प्रतिष्ठित पोलिश शेपूट जोडून टाकायचे. त्यामुळे आज गर्दी आहे ती या कलमी आडनावांची. चुर्ल्योनिससारखी आतून घडलेली नावं प्रत्येकी थोडी थोडी आहेत, पण प्रकार पुष्कळ.

शेतकऱ्यांना आडनाव चिकटायला सोळावं ते अठरावं शतक लागलं. उमरावांची आधी झाली. देश ख्रिस्ती झाला 1387 मध्ये, पश्चिमेकडचा झेमाइतिया प्रांत 1413 नंतर, म्हणजे युरोपात सर्वांत उशिरा. बाप्तिस्म्याच्या वह्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनंतर (1545–1563) रुजल्या. योनिश्किसच्या चर्चमधली 1599 पासूनची वही आजही आहे.

उडाणटप्पू

आपल्याकडे गावाला '-कर' लावून मोकळे. तिकडे शेपटावरून जिल्हा कळतो म्हणजे आरटीओच्या नंबरप्लेटसारखंच झालं. पण ते 'चुर्ल्योनीते' काय प्रकरण आहे ते कुणी सांगेल का?

काउनसकर

मी सांगतो. लिथुआनियातल्या काउनस शहरात राहतो, चुर्ल्योनिसचं राष्ट्रीय कलासंग्रहालय इथेच आहे (स्थापना 1921), त्यामुळे हे नाव बसमधून उतरताना रोज दिसतं.

लिथुआनियन आडनाव पुरुषाचं एक, बायकोचं दुसरं, मुलीचं तिसरं. त्याच्याच घरातली उदाहरणं घ्या, याहून चांगली मिळणार नाहीत.

तो स्वतः चुर्ल्योनिस. बायको सोफिया, लेखिका, माहेरची कीमान्ताइते. म्हणजे वडील कीमान्तस, '-आइते' हे अविवाहित मुलीचं शेपूट. 1909 च्या जानेवारीत लग्न झालं आणि ती झाली सोफिया कीमान्ताइते-चुर्ल्योनियेने. '-इयेने' म्हणजे बायको. 1910 मध्ये मुलगी झाली, दानुते चुर्ल्योनीते. '-ईते' म्हणजे '-इस'वाल्याची मुलगी. तिने पुढे व्लादिमिरस झुबोवस या वास्तुविशारदाशी लग्न केलं आणि झाली दानुते चुर्ल्योनीते-झुबोवियेने.

चित्रकाराची बहीण वालेरिया, जिने भावाची चित्रं जपण्यात आयुष्य घातलं, ती चुर्ल्योनीते-कारुझियेने. दुसरी बहीण यादविगा (1898–1992) लोकसंगीताची मोठी अभ्यासक, ती सगळीकडे यादविगा चुर्ल्योनीते म्हणूनच ओळखली जाते.

नियम साधारण असा: वडील '-अस' असतील तर मुलगी '-आइते', '-इस/-ईस' असतील तर '-ईते', '-उस' असतील तर '-उते', '-इउस' असतील तर '-यूते'. माजी राष्ट्राध्यक्ष दाल्या ग्रीबाउस्काइते (2009–2019), वडील ग्रीबाउस्कस. माजी पंतप्रधान इंग्रिदा शिमोनीते. आताचे राष्ट्राध्यक्ष गितानस नाउसेदा, त्यांच्या पत्नी दियाना नाउसेदियेने. म्हणजे बातम्या वाचल्या की कुणाचं लग्न झालंय ते आपोआप कळायचं. 'कळायचं' म्हटलं कारण 2003 मध्ये तिसरा पर्याय आला: नुसतं '-ए'. त्यावरून वैवाहिक स्थिती कळत नाही. आजी लोक अजून नाकं मुरडतात, पण माझ्या ऑफिसात तरुण मुलींमध्ये हे रूप दिसतं.

आणि अजून एक पेच. आडनाव विभक्तीत चालतं. रस्ता त्याच्या नावाचा असेल तर षष्ठी लागते, 'चुर्ल्योन्यो गात्वे'. राजधानी विल्नियसच्या विद्यापीठाची वैद्यकशाखा याच नावाच्या रस्त्यावर आहे, त्यामुळे तिथे शिकणारी आपली मुलं हे नाव संगीतावरून नाही, पत्त्यावरून ओळखतात. सगळं कुटुंब म्हणायचं तर 'चुर्ल्योन्याय'.

उडाणटप्पू

एका घरात तीन आडनावं, त्यात विभक्ती! दारावरची पाटी केवढी लागत असेल.

काउनसकर

पाटीवर अनेकवचन लावतात. एका शब्दात सगळे आत.

आकडेमोड

शब्दवेडीताई, तुमच्या तीन आकड्यांचं उत्तर काउनसकरांनी दिलंच आहे, फक्त त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

समजा एक घर: आई, वडील, एक मुलगा, दोन मुली. माणसं पाच. यंत्राला दिसतं: चुर्ल्योनिस दोन, चुर्ल्योनियेने एक, चुर्ल्योनीते दोन. तीन वेगळी आडनावं, प्रत्येक अगदी विरळ. असं देशभर केलं की प्रत्येक लिथुआनियन आडनाव खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी दिसू लागतं. कझलाउस्कसचंही तसंच होतं, पण तिथे आकडा मुळात इतका मोठा की कुणाला जाणवत नाही. चुर्ल्योनिसच्या बाबतीत मात्र 'विरळ' आणि 'जवळजवळ नाहीसं' यातला फरक यावर ठरतो.

वर टोपीची भर. जगभरच्या याद्यांत काही देश विशेष चिन्हं ठेवतात, काही उडवून टाकतात. ब्रिटनमध्ये किंवा आयर्लंडमध्ये कामाला गेलेला माणूस तिथल्या यादीत साध्या सी-ने नोंदला जातो. लगेच नवं आडनाव तयार.

माझ्या मते मोजायचं तर आधी सगळी स्त्रीरूपं पुरुषी मूळ रूपात परत आणायची आणि मग बेरीज.

काउनसकर

आकडेमोड, तत्त्वतः बरोबर, पण उलटं जाणं इतकं सरळ नाही. '-ईते' हे '-इस' आणि '-ईस' दोन्हींवरून येतं. 'चुर्लियेने' भेटली तर नवरा चुर्लीस की चुर्ला, हे नुसत्या रूपावरून ठरत नाही. नवं '-ए' रूप तर त्याहून मुकं. 'चुर्ल्योने' हे चुर्ल्योनिसवरूनही येईल आणि 'चुर्ल्योनस'वरूनही. चुर्ल्योनीतेच्या बाबतीत सुदैवाने फारशी शंका राहत नाही. पण हा नियम सगळ्या आडनावांना लावायला गेलात तर शेजारची दोन आडनावं एकात मिसळतील.

आकडेमोड

मान्य. म्हणजे यंत्राने नाही, आडनावागणिक हाताने करायचं काम आहे.

निळी_शाई

एक मूलभूत शंका. लग्न करून आलेल्या बायकांना 'या आडनावाच्या' म्हणून मोजायचं का? आडनाव कुठून आलं याचा शोध घेत असाल तर सुनेचा त्या मूळ पुरुषाशी काय संबंध? आणि ज्या मुली लग्न करून गेल्या त्या मात्र हिशेबातून बाद. हे मला पटत नाही.

शब्दवेडी

निळी_शाई, मुद्दा रास्त आहे आणि याच घराण्यात तो उघड दिसतो. चित्रकाराला एकच अपत्य, दानुते. तिचा जन्म 1910 मे, आणि तो 1911 च्या एप्रिलमध्ये वॉर्सॉजवळच्या रुग्णालयात वारला, मुलीला न पाहताच. त्याचा वंश पुढे चालला तो झुबोवस नावाने. पियानोवादक रोकस झुबोवस त्याचा पणतू, आणि तो पणजोबांच्या रचना वाजवतो. म्हणजे जगात चुर्ल्योनिस आडनावाचा जो कुणी भेटेल तो चित्रकाराचा थेट वंशज असूच शकत नाही! असलाच तर भावाकडून, किंवा आधीच्या पिढीतल्या चुलत्यांकडून.

तो नऊ भावंडांत थोरला, त्यामुळे भावांच्या बाजूने नाव पुढे जायला जागा होती.

म्हणून मला वाटतं दोन वेगळे प्रश्न आहेत. आज हे नाव किती जण लावतात, त्यात सुना आल्या पाहिजेत, कारण त्या लावतात. आणि त्या पहिल्या 'पाकोळी'ची पोरंबाळं किती, त्याला आडनाव उपयोगाचंच नाही.

निळी_शाई

हं. मग तुमच्या शीर्षकातल्या 'उरलंय किती'ला दोन उत्तरं.

अण्णा_कराडकर

सुंदर चर्चा. परदेशी गेलेल्यांचं काय, ते कुणी बोललं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ आणि तेव्हा देशावर राज्य करणाऱ्या रशियन झारची सैन्यभरती यांना कंटाळून लिथुआनियन लोक जथ्याने अमेरिकेत गेले. पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणी, शिकागोचे कत्तलखाने. तिथे आडनावांचं काय झालं ते पाहा:

अमेरिकन फुटबॉलचा दिग्गज जॉनी युनायटस. मूळ योनाइतिस, कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं. 1932 मध्ये हेवीवेट विजेता झालेला मुष्टियोद्धा जॅक शार्की. मूळ नाव झुकाउस्कस, जॅक डेम्प्सी आणि टॉम शार्की या आवडत्या मुष्टियोद्ध्यांच्या नावांवरून बदललेलं. आणि उलट दिशेचं उदाहरण: पुढे लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले वाल्दस आदाम्कुस. जन्मनाव वोल्देमारस आदाम्काविचुस, अमेरिकेत असताना छाटून आदाम्कुस केलं. छाटल्यावर ते अधिक लिथुआनियन दिसू लागलं, ही गंमत.

जर्मनीकडे गेलं की '-आइतिस'चं '-आइट' होतं. बर्लिनचे 2001 ते 2014 महापौर असलेले क्लाउस वोवेराइट. त्यात लिथुआनियन 'वोवेरे' म्हणजे खार बसलेली आहे. जर्मन आकडेवारीत ते जर्मन आडनाव.

चुर्ल्योनिससारखं अवघड नाव परदेशात जसंच्या तसं टिकणं कठीण. इंग्रजी कारकुनाने 'सी-एच-यू' ने सुरुवात केली असणार किंवा शेपूट तरी छाटलं असणार.

मोडीवाचक

अण्णा, परदेशात जायची गरजच नाही. खुद्द चित्रकार हयातीत बऱ्याच ठिकाणी 'चुर्लानिस' आहे. घरची भाषा पोलिश, शिक्षण वॉर्सॉत आणि जर्मनीतल्या लाइप्त्सिशमध्ये, सही पोलिश वळणाची. लिथुआनियन तो नीट शिकला सोफियाकडून, मोठेपणी. रशियन समीक्षकही सुरुवातीला 'चुर्ल्यानिस' लिहीत होते. आज रशियनमध्येही 'चुर्ल्योनिस' लिहितात.

त्यात 1864 ते 1904 या चाळीस वर्षांत झारशाहीने लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायलाच बंदी घातली होती. पुस्तकं पूर्व प्रशियात छापून पाठीवरून चोरून आणायचे. चर्चच्या वह्या आधी लॅटिन-पोलिशमध्ये, मग रशियनमध्ये. म्हणजे ज्या काळात शेतकऱ्याचं आडनाव कागदावर पक्कं होत होतं, त्याच काळात ते त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलं जात नव्हतं. आज आपण 'मूळ रूप' म्हणतो ते बरंचसं 1918 नंतरच्या स्वतंत्र लिथुआनियात ठरवलेलं प्रमाण रूप आहे.

देवभाषाप्रेमी

तुम्ही सगळे विसरलात की लिथुआनियन ही संस्कृतचीच बोली आहे. चुर्ल्योनिसमध्ये 'चूर्ण' आणि 'लीन' स्पष्ट दिसतं. यावर संशोधन व्हायला हवं.

मोडीवाचक

नको हो. लिथुआनियन संस्कृतची मुलगी नाही, लांबची बहीण आहे. बहीण आहे याचे पुरावे भरपूर आहेत, त्यासाठी चूर्ण करायची गरज नाही. 'विल्कस' म्हणजे लांडगा, संस्कृत वृक. विल्कस हे आडनावही आहे, आपल्याकडे लांडगे आहेत तसं. 'अविस' म्हणजे मेंढी, संस्कृत अवि. 'सूनुस' म्हणजे मुलगा, सूनु. 'उग्निस', 'दान्तिस', 'दूमस', 'विरस' हे तर सांगायलाच नको.

आडनावाच्या शेवटी जो 'स' आहे तोही याच नात्यातला. तो प्रथमा एकवचनाचा प्रत्यय. वृकस्‌चा आपल्याकडे विसर्ग झाला, वृकः. त्यांनी तो 'स' तसाच ठेवला, आणि आजही आडनावाला लावतात. षष्ठीत तो जातो, म्हणून रस्त्याच्या पाटीवर चुर्ल्योन्यो. पण पक्ष्याचं नाव पडलंय त्याच्या आवाजावरून. आवाजाची नावं प्रत्येक भाषा आपापली करते. तिथे संस्कृत शोधू नये.

देवभाषाप्रेमी

बहीण तर बहीण. विल्कस आवडला.

काउनसकर

अवांतर, पण इथल्या लोकांना रुचेल असं. मोटरसायकलवरून 1929 मध्ये निघून भारतात पोचलेला आणि तिथे काही वर्षं राहून मुंबईत, कलकत्त्यात शिकलेला प्रवासी आन्तानस पोश्का. त्याचं आडनाव मुळात पाश्केविचुस. स्लाव्हिक शेपूट टाकून पोश्का झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशी नावं 'आपली' करून घेण्याची लाटच होती.

आणि गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हेर्मान कालेनबाख (जन्म 1871) इथलेच, झेमाइचू नाउमिएस्तिसचे. नेमुनस नदीच्या मुखाजवळच्या रुस्ने गावात दोघांचा पुतळाही उभारलाय. पण ते ज्यू होते आणि आडनाव जर्मन वळणाचं. लिथुआनियातून आलेलं प्रत्येक आडनाव लिथुआनियन भाषेतलं नसतं, म्हणून सांगितलं.

अण्णा_कराडकर

नाव 'आपलं' करण्यावरून आठवलं. लान्द्सबेर्गिस! 1990 मध्ये सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा संसदेचे अध्यक्ष असलेले विताउतस लान्द्सबेर्गिस. जर्मन लान्द्सबेर्गला लिथुआनियन शेपूट. त्यांच्या आजोबांनी तर त्याचा शब्दशः अनुवाद करून 'झेम्काल्निस' हे टोपणनाव घेतलं, झेमे म्हणजे भूमी, काल्नस म्हणजे डोंगर. वडील दोन्ही जोडून लान्द्सबेर्गिस-झेम्काल्निस लिहीत.

शब्दवेडी

अण्णा, आणि तेच लान्द्सबेर्गिस पेशाने संगीतशास्त्रज्ञ, चुर्ल्योनिसच्या संगीतावरचे सर्वांत मोठे अभ्यासक! त्याच्या पियानोरचना त्यांनीच संपादित केल्या. हा धागा फिरून बरोबर घरी आला.

आता कामाचं. मला हे आडनाव आज कुठे आणि किती, हे नीट शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

मोडीवाचक

आधी लिथुआनियन आडनावांचा कोश. विल्नियसच्या लिथुआनियन भाषा संस्थेने दोन खंडांत काढला, 1985 आणि 1989, प्रमुख आलेक्सान्द्रस वानागस. सुमारे पन्नास हजार आडनावं आहेत. व्युत्पत्ती आहेच, पण तुमच्या कामाचं म्हणजे प्रत्येक आडनावापुढे ते कोणत्या गावांत आढळलं ते दिलंय. डोक्यांची मोजणी नाही, नकाशा मिळतो. तीच माहिती संस्थेने ऑनलाइनही ठेवली आहे. त्यात चुर्ल्योनिस एकटं पाहू नका. चुर्ला, चुर्लीस, चुर्लिस असे सगळे शेजारी पाहा. ही त्याच पक्ष्याची पिलं, पण वेगवेगळ्या घरट्यांतली. एकाच टोपणनावाची दहा गावांत दहा माणसं असू शकतात, त्यांचं रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही.

जुन्या नोंदींसाठी 'एपावेल्दस' या संकेतस्थळावर चर्चच्या वह्या स्कॅन करून ठेवल्यात, मूळ वह्या विल्नियसच्या ऐतिहासिक अभिलेखागारात. शोधताना वारेना, द्रुस्किनिंकाय आणि आसपासच्या जूकियातल्या वह्या आधी. तिथे तुम्हाला लिथुआनियन 'चु' सापडणार नाही. 'च'साठीचं पोलिश 'सी-झेड' पाहा, आणि साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रशियन हस्ताक्षर. मोडी वाचलेल्याला ते हस्ताक्षर परकं वाटत नाही, पहिले आठ दिवस सोडले तर.

आकडेमोड

आजच्या आकड्यासाठी माझी यादी, एकेक करून टाका आणि मग बेरीज करा: चुर्ल्योनिस, चुर्ल्योनियेने, चुर्ल्योनीते, नवं चुर्ल्योने. हीच चारही टोपी काढून. जोडआडनावांत दोन्ही क्रमांनी. लाटव्हियात गेलेल्यांसाठी लाटव्हियन लेखन वेगळं. आणि गूगलवर शोधत असाल तर षष्ठीचं रूप वगळा, नाहीतर रस्ते, शाळा, संग्रहालयं, विल्नियसची कलाशाळा, क्लीव्हलंडला गेलेलं लोकसंगीताचं पथक, एवढंच नाही तर 2420 क्रमांकाचा लघुग्रहसुद्धा त्याच नावाचा आहे, तोही मोजला जाईल.

उडाणटप्पू

लघुग्रहाचं लग्न झालंय का ते कळत नाही पण.

काउनसकर

'-इस' लावलंय, म्हणजे पुरुष आहे. त्यापुढे चौकशी नाही.

शब्दवेडी, कोशातली गावांची यादी मी इथल्या ग्रंथालयातून उतरवून शनिवारी टाकतो. ऑनलाइन प्रत आहेच, पण छापील खंडात शेजारची नावं एका नजरेत दिसतात. कोणत्या शेजाऱ्यांची हवीत ते तेवढं सांगून ठेवा.

शब्दवेडी

चुर्लापासून चुर्ल्योनिसपर्यंत जे जे असेल ते सगळं. आणि कीमान्तसही बघाल का? सोफियाच्या माहेरचं. तेही मला दुसऱ्या कुणाचं सापडत नाहीये, आता त्याची चारही रूपं शोधायला बसते.